दोघांनाही दोन्ही कामे यायला हवीत : नदी, कालवे आणि लॉक यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या बोटीच्या प्रवासाविषयी लिहिले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात मी आणि माझे यजमान असे दोघेच इंग्लंडमधील टेडिंग्टनहून टेम्स नदीने ऑक्सफर्डला गेलो, तेथून कालव्यांच्या जाळ्यात शिरलो आणि ब्रॉन्स्टन, हॉक्सबरी, फ्रॅडली, वुल्व्हरहॅम्प्टन अशी वाट काढत वेल्समधील लँगोलेनला पोहोचलो. अंतर तीनशे मैलांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर. मोटारीने तेथे अर्ध्या दिवसात पोहोचता येते. आम्हाला नऊ आठवडे लागले. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. सारखेच प्रश्न विचारणारी पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : लॉक म्हणजे नेमके काय? पाणी चढावर कसे जाते आणि दोनच माणसांना हे सगळे कसे जमते? (एक वाचक, सोलापूर)

चढावर पाणी जात नाही, बोट जाते, आणि तीही तरंगतच. कालव्याची एक पातळी संपून पाच-सात फूट उंचीवरची दुसरी पातळी जेथे सुरू होते, तेथे दगडाची किंवा विटांची एक लांब, अरुंद कोठी बांधलेली असते आणि तिच्या दोन्ही टोकांना लाकडी दारे असतात. ही कोठी म्हणजे लॉक. वर चढायचे असेल तर कोठीतले पाणी आधी खालच्या पातळीला आणायचे, खालचे दार उघडून बोट आत घ्यायची, दार लावायचे आणि वरच्या बाजूच्या झडपा उघडून वरचे पाणी आत येऊ द्यायचे. कोठी भरते तशी बोट उचलली जाते आणि आतले व वरचे पाणी एका पातळीला आले की वरचे दार उघडून पुढे निघायचे. उतरताना हेच सारे उलट क्रमाने करायचे. यात पंप नाही, वीज नाही. मात्र अशा एका अरुंद लॉकमधून दर खेपेला एक लाख लिटरांहून अधिक पाणी वरून खाली जाते. म्हणूनच कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्याला पाणी पुरवण्यासाठी तलाव बांधावे लागले आणि पाऊस कमी झाला की आजही काही लॉक बंद ठेवण्याची वेळ येते.

दारांची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जेथे दोन झापांचे दार असते तेथे ती दोन्ही सरळ रेषेत मिटत नाहीत; वरच्या पाण्याकडे टोक करून कोनात मिटतात. त्यामुळे पाण्याचा दाब जितका जास्त तितकी ती एकमेकांवर घट्ट बसतात. या युक्तीचे श्रेय लिओनार्दो दा विंचीला दिले जाते. दोन्हीकडच्या पाण्यात वीतभर जरी फरक असला तरी चार माणसांनी जोर लावूनही ते दार हलत नाही, आणि पाणी समपातळीला आले की दाराला जोडलेल्या लांब लाकडी तुळईला पाठ टेकवून, पाय रोवून मागे रेटले की माझ्यासारख्या साठीच्या बाईलाही ते उघडता येते. पहिल्या दिवशी मी पाणी सारखे होण्याआधीच रेटत राहिले आणि दमले. नंतर शिकले की तुळईला नुसते टेकून उभे राहायचे. दार सैल पडल्याचे पाठीलाच कळते.

दोन माणसांत काम असे वाटले जाते : एकाने बोटीचे सुकाणू धरायचे आणि दुसऱ्याने काठावर उतरून झडपा व दारे सांभाळायची. झडप उघडण्यासाठी काटकोनात वाकवलेला एक लोखंडी हात असतो, त्याला विंडलास म्हणतात. तो झडपेच्या दंडगोलावर बसवून फिरवायचा आणि झडप वर आली की खिट्टी अडकवून विंडलास लगेच काढून घ्यायचा. खिट्टी निसटली आणि विंडलास तेथेच राहिला तर तो गरगर फिरून मनगट मोडू शकतो. तेवढी एक गोष्ट सोडली तर काम जड नाही. टेम्सवर हा प्रश्नही येत नाही, कारण ऑक्सफर्डपर्यंतचे तेथील लॉक यांत्रिक आहेत आणि उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी लॉककीपर हजर असतात. ते सांगतील तसे दोर खुंट्याला वेढा देऊन हातात धरायचे आणि इंजिन बंद करायचे, एवढेच आपले काम.

प्रश्न : आम्हा दोघांचे मोटारीत रस्ता शोधतानाही खटके उडतात. सात फूट रुंदीच्या बोटीत नऊ आठवडे तुम्ही कसे काढलेत? बोटीवर कोणाचे ऐकायचे? (एक वाचक दांपत्य, नाशिक)

तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची बोट सत्तावन्न फूट लांब आणि सहा फूट दहा इंच रुंद. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्यानंतरच्या अभियंत्यांनी मध्य इंग्लंडमधील कालव्यांवर सात फुटी लॉक बांधले आणि बोटीही त्या मापाच्या झाल्या. अशा बोटीत एक माणूस उभा असेल तर दुसऱ्याला अंग चोरूनच जावे लागते. पहिल्या आठवड्यात आमचेही खटके उडाले आणि त्यांचे कारण प्रत्येक वेळी एकच होते : जो सुकाणूवर आहे त्याला काठावरचे दिसत नाही, आणि जो काठावर आहे त्याला बोट थांबायला किती वेळ घेते ते कळत नाही. बोटीला ब्रेक नसतो. इंजिन उलटे फिरवल्यावर ती हळूहळू थांबते, आणि तोवर काठावरून आरडाओरडा करून काहीही साधत नाही.

आमच्या घरी मोटार नेहमी यजमानच चालवतात. बोटीवरही त्याच सवयीने ते सुकाणूवर आणि मी लॉकवर अशी वाटणी न ठरवताच झाली. ऑक्सफर्ड कालव्यावर नॅप्टन येथे डोंगरउतारावर ओळीने नऊ लॉक आहेत. उत्तरेकडे जाताना ते उतरावे लागतात. तेथे शेजारच्या कुरणात म्हशी चरत होत्या. इंग्लंडच्या गवतात बसलेल्या काळ्याभोर म्हशी पाहून कोणत्याही मराठी माणसाची नजर जाणारच, तशी ती ह्यांची गेली. मी खालच्या झडपा उघडलेल्या होत्या, कोठीतले पाणी उतरत होते आणि बोट नकळत हातभर मागे सरकली. वरच्या दाराच्या आत, पाण्याखाली, दगडी उंबरा असतो. तो कोठपर्यंत पुढे येतो हे दाखवायला काठावर पांढरी रेघ आखलेली असते. बोटीचा मागचा भाग त्या रेघेमागे गेला, उंबऱ्यावर टेकला आणि पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जाऊ लागला. चहाचे भांडे ओट्यावरून घसरून पडल्याचा आवाज मी काठावरून ऐकला, पण त्याचा अर्थ मला कळला नाही, कारण उतरत्या लॉकमध्ये सुकाणूवर उभे राहून कोठे लक्ष ठेवायचे असते हे मला माहीतच नव्हते. मागून येणाऱ्या बोटीवरच्या एका आजीबाईंनी धावत येऊन माझ्या हातातला विंडलास घेतला, खालच्या झडपा पाडल्या आणि मग वरची झडप अगदी थोडी उघडून पाणी परत भरले. बोट सरळ झाली. आणखी मिनिटभर गेला असता तर पुढच्या भागात पाणी शिरून ती कोठीतच बुडाली असती. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

त्या संध्याकाळी आम्ही नियम ठरवला आणि तो लँगोलेनपर्यंत पाळला : दररोज दुपारच्या जेवणानंतर कामांची अदलाबदल. सकाळी ज्याने सुकाणू धरले त्याने दुपारी विंडलास घ्यायचा. दोघांनाही दोन्ही कामे यायला हवीत, हे मी ज्या जोडप्याला भेटते त्याला पहिल्यांदा सांगते, आणि ते केवळ सलोख्यासाठी नाही. सुकाणूवरचा माणूस पाण्यात पडला तर दुसऱ्याला इंजिन बंद करून, बोट काठाला लावून त्याला बाहेर काढता आले पाहिजे. बरीच जोडपी मला अशी भेटली की ज्यांत बाईने वीस वर्षे लॉक उघडले आणि सुकाणूला कधी हात लावला नाही. मला ते धोक्याचे वाटते. या कालव्यांवर मालवाहतूक चालत होती तेव्हा बोटीच्या मागच्या टोकाच्या लहानशा खोलीत अख्खे कुटुंब राहत असे आणि बायका मूल कडेवर घेऊन सुकाणू धरत, हेही लक्षात ठेवावे.

कोणाचे ऐकायचे, याचे उत्तर मग सोपे होते. सुकाणूवर जो असेल त्याने बोटीविषयी ठरवायचे, काठावर जो असेल त्याने झडपांविषयी. काठावरच्याने झडप उघडण्यापूर्वी सुकाणूवरच्याकडे पाहायचे आणि त्याने हात वर केल्याशिवाय विंडलास फिरवायचा नाही. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून आम्ही हाताच्या चारच खुणा ठरवल्या : थांब, उघड, पाड, ये. नॅप्टननंतर आम्ही एकमेकांवर ओरडलो नाही.

याच वाटेवर बॅनबरी लागते. तेथील टूली यांच्या जुन्या बोटकारखान्यात १९३९ मध्ये टॉम रोल्ट यांनी ‘क्रेसी’ नावाची बोट राहण्यायोग्य करून घेतली आणि पत्नी अँजेला यांच्यासह ते कालव्यांवर फिरायला निघाले. तेव्हा हे कालवे मरणपंथाला लागले होते. पुढे १९४६ मध्ये रोल्ट, रॉबर्ट एकमन आणि इतरांनी अंतर्गत जलमार्ग वाचवण्यासाठी संस्था स्थापन केली. आज आपल्याला जेथे सुट्टीत जाता येते ते कालवे बुजले गेले नाहीत, यात त्या चळवळीचा वाटा मोठा आहे. तो कारखाना आता एका मोठ्या बाजारसंकुलाच्या पोटात आहे. तेथे अवश्य थांबावे.

प्रश्न : आमचे घराणे तांडेलांचे. आम्ही भरती-ओहोटी ओळखतो, पण नदीवर आणि कालव्यावर कशाला भ्यायचे ते कळत नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

तुम्हाला मी काय शिकवणार. तरीही खाडीची सवय येथे दोन ठिकाणी फसवते, ते सांगते. टेम्सला भरती-ओहोटी टेडिंग्टनपर्यंतच आहे. त्याच्या वर पाण्याला एकच दिशा असते आणि ती कधी उलटत नाही, त्यामुळे ‘थोडे थांबू, पाणी फिरेल’ हा हिशेब चालत नाही. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की दोन-तीन दिवसांनी नदी फुगते. लॉकवर फलक लागतात : पिवळा म्हणजे प्रवाह वाढतो आहे किंवा ओसरतो आहे, तांबडा म्हणजे प्रवाह जोराचा आहे आणि बोट बांधून ठेवावी. ॲबिंग्डनला आम्ही तांबड्या फलकामुळे चार दिवस थांबलो. काही जण निघाले, आम्ही निघालो नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. प्रत्येक लॉकशेजारी नदीवर बंधारा असतो; इंजिन बंद पडले तर प्रवाह बोटीला तिकडे ओढतो. म्हणून नदीवर नांगर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, तयार ठेवावा लागतो, साखळी आणि दोर जोडलेला. तो पेटीत ठेवून उपयोग नाही.

कालव्यावर याच्या उलट आहे. तेथे प्रवाह जवळजवळ नसतो, पाणी बहुतेक ठिकाणी कंबरेइतके असते आणि नांगराचे कामच पडत नाही. काठावर लोखंडी मेखा ठोकून बोट बांधायची. तेथे त्रास देतो तो बोटीला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा. पाण्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोरे, जुने कपडे त्यात गुंडाळले जातात. इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, मागच्या बाजूचे झाकण उघडायचे आणि थंड पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ते सोडवायचे. कॉव्हेंट्री कालव्यावर एका सकाळी ह्यांनी पंख्यातून अख्खी साडी सोडवली, काठ-पदरासह. ती कोणी आणि का सोडली असेल याचा विचार मी दिवसभर करत होते.

लँगोलेनच्या कालव्याला मात्र प्रवाह आहे, कारण तो डी नदीचे पाणी हर्ल्स्टनच्या जलाशयाकडे वाहून नेतो. लँगोलेनकडे जाताना तुम्ही त्याच्या विरुद्ध जाता, आणि अरुंद जागी बोट चालत्या माणसापेक्षाही हळू जाते.

प्रश्न : आमची वये बासष्ट आणि अठ्ठावन्न. मुलगी रेडिंगला असते. बोट चालवण्याचा परवाना लागतो का? पोहता येत नसेल तर? खर्च किती? (एक वाचक, पुणे)

सुट्टीसाठी स्वतः बोट चालवायला तेथे चालकाचा परवाना लागत नाही. बोटीचा परवाना, विमा आणि दर चार वर्षांनी होणारी सुरक्षा तपासणी ही मालकाची जबाबदारी. भाड्याने बोट घेतली की निघण्यापूर्वी तासा-दोन तासांत सगळे शिकवतात. माझा आग्रह असा की ते शिकवताना दोघांनीही सुकाणू धरून पाहावे, एकाने टिपणे घेत बसू नये. चार माणसांची बोट उन्हाळ्यात आठवड्याला साधारण हजार ते दोन हजार पौंडांच्या घरात पडते. मे किंवा सप्टेंबरमध्ये कमी. नऊ आठवडे भाड्याच्या बोटीत कोणी काढत नाही. आमची बोट स्वतःची, जुनी घेतलेली होती. तुम्ही एक आठवडा घ्या, आणि तोही नदीवर नव्हे, कालव्यावर. मुलीचे गाव टेम्स आणि केनेट यांच्या संगमावरच आहे. तेथून पश्चिमेला केनेट आणि एव्हन कालव्याने निघता येते.

वेळेचा हिशेब सोपा आहे : मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनाने भागा, तेवढे तास लागतात. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त चालू नका. कालव्यांवर वेगमर्यादा ताशी चार मैल आहे, पण काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून कितीतरी हळू जावे लागते.

पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घाला, नदीवर सतत आणि लॉकमध्ये नक्कीच. मलाही पोहता येत नाही. बोटीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे आहे. ते चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी बटण दाबून पाहा. गुडघे दुखत असतील तर मात्र विचार करा, कारण लॉकच्या भिंतीवरची शिडी ओली आणि उभी असते.

प्रश्न : मला उंचीची भीती वाटते. पोंतकसिल्तेचा जलसेतू टाळता येतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

बोट अलीकडे फ्रॉनकसिल्ते येथे थांबवून परत फिरता येते. पण तो काय आहे ते सांगते, मग ठरवा. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला हा सेतू १८०५ मध्ये खुला झाला आणि २००९ मध्ये जागतिक वारसायादीत आला. डी नदीच्या दरीवर अडतीस मीटर उंच दगडी खांब आहेत आणि त्यांवर सुमारे तीनशे सात मीटर लांबीची ओतीव लोखंडाची पन्हळ आहे. त्या पन्हळीतून बोट जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडा नाही. पन्हळीची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर, आणि तिच्या पलीकडे थेट दरी. मी त्या दिवशी सुकाणूवर होते, कारण पाळी माझी होती. पहिली पन्नास पावले मी फक्त बोटीच्या टोकाकडे पाहिले. मग कळले की पन्हळ इतकी अरुंद आहे की बोट वाकडी जाऊच शकत नाही, आणि मान वळवली. खाली नदीत एक माणूस गळ टाकून उभा होता, बोटाएवढा. भीती वाटत असेल तर बोट जोडीदाराने न्यावी आणि तुम्ही आत बसून पायवाटेच्या बाजूच्या खिडकीतून पाहावे. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे.

प्रश्न : जेवणाचे आणि शौचालयाचे काय? (एक वाचक, नागपूर)

बोटीत गॅसची शेगडी असते. कुकर, पोहे, थालीपीठ सगळे होते. पाण्याची टाकी दोन-तीन दिवसांनी काठावरच्या नळावर भरावी लागते, आणि पाणी भरायला तासभर लागतो हे आधीच धरून चालावे. शौचालयाची पेटी ठरलेल्या ठिकाणी नेऊन रिकामी करायची असते. हे काम कोणाला आवडत नाही, म्हणून त्याचीही पाळी लावावी.

प्रश्न : असा प्रवास आपल्याकडे का करता येत नाही? (एक वाचक, ठाणे)

महाराष्ट्रातले कालवे शेताला पाणी देण्यासाठी बांधले गेले. त्यांत आवर्तनाप्रमाणे पाणी सोडतात आणि बंद करतात, आणि उतार आला की लॉक न बांधता पाणी सरळ खाली पाडतात. त्यांतून बोट नेता येणार नाही. हे सर्वत्र असेच होते असे मात्र नाही. हरिद्वारहून निघणारा गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यावर सिंचनाबरोबर बोटींसाठी लॉकही होते. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले. त्यांतील पहिला, हल्दिया ते प्रयागराज, १६२० किलोमीटरचा आहे आणि फराक्का येथे त्यावर मोठ्या जहाजांसाठी लॉक आहे. पण तेथे प्रवासी म्हणून बसता येते, दोघांनी स्वतः बोट घेऊन निघण्याची सोय नाही. गोव्यात कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि जुवारीला जोडतो. दोन्ही टोकांना भरतीचे पाणी असल्यामुळे तेथे लॉकची गरज नाही.

लॉकचीच हौस असेल तर केरळला जा. तेथील राष्ट्रीय जलमार्गाचा कोल्लम ते कोट्टप्पुरम हा १६८ किलोमीटरचा टप्पा बॅकवॉटरमधून जातो आणि त्यावर तृक्कुन्नपुळा येथे लॉक आहे. हाउसबोटीवर सुकाणू तुमच्या हाती देणार नाहीत, पण सकाळच्या वेळी चालवणाऱ्याशेजारी बसायची परवानगी मागा. दोघांनीही मागा.